पोस्टकार्ड उघडं असलं तरी

एरफुर्ट, जर्मनी
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. आत्याला माझा नमस्कार सांग.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "ताई, आता वेळ नाही गो, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून ठेव, उद्या ऑफिसात बसून वाचते." तेच नको म्हणून हा कागद. पर्वरीच्या ऑफिसात तुझं व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं आणि त्याच पडद्याचा आता दर दहा मिनिटांनी फोटो निघतो, हे तूच सांगितलंस. मी तिथे लिहिलं असतं ते तुझ्याआधी तुझ्या टीम लीडरनं वाचलं असतं. हे पत्र डिचोलीला आत्याच्या पत्त्यावर येईल. ते घेऊन शनिवारी सावंतवाडीला जा, आत्यालाही सोबत ने, आणि आई-बाबांसमोर वाच. नाव तुझं घातलंय, पण यातलं बरंचसं बाबांना आणि आत्याला सांगायचं आहे.

ऑफिसच्या देखरेखीला संमती देणाऱ्या त्या कागदावर फेब्रुवारीअखेरपर्यंत सही द्यायची आहे आणि सगळेच देतायत, असं तू म्हणालीस. मागून बाबांचा आवाज आला, "आपल्याला काय लपवायचंय? दे सही आणि मोकळी हो." मी तेव्हा 'थांब' एवढंच म्हटलं. आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाचं काय होतं ते आपल्याच घरात होऊन गेलंय, आणि ते मी सहा वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवलंय.

बाबा, २०१९ चा सप्टेंबर आठवा. चतुर्थी नुकतीच झाली होती. तुमच्या घशातली गाठ दाखवायला आत्या तुम्हाला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली. बायोप्सी झाली. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला कळता नये, असं तुम्ही सगळ्यांना बजावलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, बाजारात चर्चा नको होती. रिपोर्ट आत्यानं आणला, आतेभावानं त्याचा फोटो काढून मला पाठवला. मी पणजीत ऑफिसात होते. जेवणाची सुट्टी होती. मोबाइलवर ती बारीक अक्षरं लागेनात, म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं, फोटो मोठा केला आणि ओळ न ओळ वाचली. गाठ साधी होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत कामाला बसले.

दोन दिवसांनी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. आत आणखी तिघं बसले होते. टेबलावर एक रंगीत प्रिंट होता. वरच्या कोपऱ्यात माझा एम्प्लॉयी नंबर, तारीख, वेळ १३:४०. खाली बाबांचं पूर्ण नाव, वय ५९, बायोप्सीचा निष्कर्ष, आणि त्याच्याभोवती लाल पेनानं ओढलेला चौकोन. "हे ऑफिसचं काम आहे का?" असं विचारलं. मी म्हटलं, जेवणाची सुट्टी होती. त्यावर उत्तर आलं, सिस्टीमला सुट्टीबिट्टी कळत नाही. तोवर तो कागद टेबलावर फिरत होता. एकानं वाचला, दुसऱ्याकडे सरकवला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसरा आपल्याकडचा, बांद्याचा. आमच्या पडद्याचे फोटो निघतात हे तोवर आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला ते त्या प्रिंटवरून कळलं.

आठवडाही झाला नसेल, मोती तलावाकाठी कुणीतरी बाबांना गाठून विचारलं, "काय पोस्टमास्तर, घसो कसो आसा?" बाबा, तुम्हाला वाटलं आत्यानं सांगितलं. बांबोळीला बरोबर तीच होती, दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्या वर्षी भाऊबीजेला तुम्ही डिचोलीला गेला नाहीत. आत्यानं ताट करून ठेवलं होतं, हे मला नंतर आतेभावाकडून कळलं. ती तुम्हाला एका शब्दानं बोलली नाही. बातमी कुठून फुटली ते मला पक्कं माहीत होतं, आणि मी गप्प बसले. आपणच तो रिपोर्ट तिथे उघडला, तेव्हा चूक आपलीच, असं वाटत राहिलं. नोव्हेंबरात राजीनामा दिला तेव्हा जर्मन शिकायचंय असं तुम्हाला सांगितलं. शिकायचं होतंच, पण नोकरी सोडली ती त्या कागदामुळे. आत्या, तुझी मी माफी मागते. हे सांगायला सहा वर्षं लागायला नको होती.

आता त्या 'काय लपवायचंय'बद्दल. बाबा, तुम्ही चौतीस वर्षं पोस्टात काढलीत. शाळा सुटली की मी तुमच्याकडे यायचे, तेव्हा तुम्ही पोस्टकार्डांचा गठ्ठा नेहमी पत्त्याची बाजू वर ठेवून बांधायचात. एकदा मी एक कार्ड उलटून वाचायला लागले, तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. "उघडं असलं म्हणून वाचायचं नसतं," म्हणालात. कुणाची मनिऑर्डर कितीची आली, कुणाच्या दारात कोर्टाचं रजिस्टर गेलं, हे जेवताना आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीत. टपाल उघडणाऱ्या पोस्टाच्या माणसाला १८९८ च्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद होती, हेही तुम्हीच सांगितलेलं. पण तुम्ही काही कैदेला भिऊन गठ्ठा पालथा ठेवत नव्हता. सावंतवाडीतल्या त्या माणसांना तरी काय लपवायचं होतं? कुणाची मुलगी पास झाली, कुणाच्या म्हशीला रेडा झाला. पत्र त्यांचं होतं, म्हणून तुम्ही वाचलं नाहीत.

बाय, याचा अर्थ कंपनीनं काहीच बघू नये असा नाही. तुमच्या प्रवासाच्या बुकिंगच्या कामात पाहुण्यांचे पासपोर्ट येतात, कार्डांचे नंबर येतात. कुणी ते पेनड्राइव्हवर उतरवून नेत असेल तर ते कळायलाच हवं. कोण किती वाजता लॉगिन झालं, कुठली फाइल कुणी उघडली, याची नोंद ठेवायला माझी हरकत नाही. अँटीव्हायरस असावा, दाराला कार्ड असावं. ऑफिसची मेल हे पोस्टकार्ड आहे, तिथे तसंच लिहावं. पण तुझ्या पडद्यावर घड्याळाशेजारी जे निळं चिन्ह दिसतं, ते नजर ठेवणारं सॉफ्टवेअर याच्या फार पुढे जातं. ते काय करतं, नीट समजून घे.

दर दहा मिनिटांत किती सेकंद तुझं बोट कीबोर्डवर पडलं किंवा माउस हलला, एवढंच ते मोजतं आणि त्याची टक्केवारी काढतं. म्हणून तर त्या म्युनिकच्या म्हाताऱ्या जोडप्याशी तू बारा मिनिटं फोनवर बोलून त्यांचं बुकिंग वाचवलंस आणि तक्त्यात तू 'आयडल', म्हणजे रिकामी बसलेली, दिसलीस. तू काम करत होतीस, हात तेवढे स्थिर होते. पडद्याचा फोटो निघतो तेव्हा पडद्यावर जे असेल ते सगळं जातं. व्हॉट्सॲपला एन्क्रिप्शन असतं ना, असं तू विचारलंस. निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण तुझ्या पडद्यावर आला की तो उघडाच असतो आणि फोटो पडद्याचा निघतो. ब्राउझरमधल्या कुलपाच्या खुणेवरही ऑफिसच्या मशीनवर भरवसा नको. कंपनीनं आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझर ज्यावर विश्वास ठेवतो ते डिजिटल ओळखपत्र, त्यात बसवलं असेल तर कुलूप दिसत राहतं आणि मधला सर्व्हर सगळं उघडून वाचून पुढे पाठवतो. बँक, डॉक्टर, घरचं बोलणं, सगळं स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर कर. ऑफिसच्या वायफायवर नको. हे आजपासून कर, सहीचं काय ते नंतर.

आणि तुझी मैत्रीण म्हापशाहून माउस हलवत ठेवणारं यंत्र घेऊन आली म्हणालीस, ते तू घेऊ नको. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचं भासवल्याबद्दल डझनभराहून जास्त माणसं काढली. मोजणीच चुकीची आहे असं सांगायची तुझी जागा त्या यंत्रानं जाते, उलट तूच खोटी ठरतेस.

इथे कसं आहे, ते सांगते. मी आले तेव्हा मला या गावाबद्दल काही माहीत नव्हतं. एरफुर्ट तेव्हाच्या पूर्व जर्मनीतलं. तिथल्या गुप्त पोलिसांना श्टाझी म्हणत. लोकांची पत्रं वाफेवर उघडायची, वाचायची, नक्कल काढायची आणि परत चिकटवून पाठवायची, यासाठी त्यांचं एक आख्खं खातं होतं. ४ डिसेंबर १९८९ ला या गावच्या लोकांनी श्टाझीच्या इथल्या कचेरीत शिरून ती ताब्यात घेतली. कागद जाळले जातायत असा संशय आला होता, म्हणून. देशात असं सर्वांत आधी इथे झालं आणि पुढाकार बायकांचा होता. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. १९९२ पासून लोकांना आपापली फाइल बघायला मिळू लागली, तेव्हा यांच्या आईच्या फाइलमध्ये पश्चिमेतल्या मामाला लिहिलेल्या पत्रांच्या नकला निघाल्या. पत्रांत जॅमची कृती होती. बाबा, हे ऐकताना मला तुमचा तो पालथा गठ्ठा दिसत होता. कंपनी म्हणजे श्टाझी, असं मी म्हणत नाही. कंपनी तुरुंगात टाकत नाही, आणि दोन्ही एका मापानं मोजणं हा त्या बाईंच्या आईवर अन्याय होईल. पण इथली माणसं या बाबतीत इतकी हळवी का, ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी फोनची नवी सिस्टीम आली. ती लावायच्या आधी कामगारांनी निवडून दिलेल्या समितीपुढे ठेवावी लागली. १९७२ पासूनचा कायदाच आहे. ज्या यंत्रानं माणसाच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवता येते ते समितीच्या संमतीशिवाय लावता येत नाही. नजर ठेवायचा हेतू नाही, असं म्हणून सुटका नाही. ठेवता येण्यासारखं असलं की पुरे. आयटीच्या माणसानं पडद्यावर तक्ता दाखवला. समितीत गोडाऊनमधला फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आहे. तो म्हणाला, "यात नावं कशाला?" त्या एका प्रश्नावर अकरा आठवडे गेले. शेवटी तक्त्यातली नावं गेली, टीमचे आकडे राहिले, आणि कॉलची नोंद ३० दिवसांनी पुसायची असं लेखी ठरलं. मॅनेजर चिडले होते. पण केबिनमध्ये कुणाला एकटं बोलावलं नाही. मी त्या बैठकीत मागे उभी होते आणि मला पणजीची ती केबिन आठवत होती.

जर्मनीचं कामगारविषयक सर्वोच्च न्यायालयही याच गावात आहे. २७ जुलै २०१७ ला तिथे एका वेब डेव्हलपरचा निकाल लागला. कंपनीनं त्याच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर बसवला होता, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारं सॉफ्टवेअर, वर पडद्याचे फोटोही. कामाच्या वेळेत त्यानं एक गेम लिहिली होती आणि वडिलांच्या धंद्याची थोडी कामं केली होती. थोडंसं त्यानं कबूलही केलं. तरी कोर्टानं त्याला काढणं रद्द ठरवलं. आधी ठोस संशय नसताना नुसतं जाळं टाकून बघायचं, आणि त्यात सापडलेलं पुरावा म्हणून आणायचं, हे चालणार नाही म्हणाले. इथेही सगळं कामगाराच्या बाजूनंच जातं असं समजू नको. जून २०२३ मध्ये याच कोर्टानं कारखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून चालतं असं सांगितलं. तो कॅमेरा उघड होता, पाटी लावलेली होती, आणि कामगारानं पाळी बुडवून पगार घेतला असा आरोप होता. हे दोन्ही निकाल मला पटतात.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्यावरूनच गेल्यासारखं आहे. रुमानियात बार्बुलेस्कू नावाच्या इंजिनियरला २००७ मध्ये नोकरीवरून काढलं. ग्राहकांसाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला होता. कंपनीनं त्या बोलण्याचे ४५ पानांचे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. दहा वर्षं तो भांडला. आधी हरला, आणि ५ सप्टेंबर २०१७ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे ११ विरुद्ध ६ मतांनी जिंकला. मालकानं कितीही नियम केले तरी कामाच्या जागी माणसाचं खासगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही, असं त्यात म्हटलंय. ती ४५ पानं वाचून मी पहिल्यांदा स्वतःला म्हणाले, की चूक माझी नव्हती.

आता आपल्याकडचं. तुला खोटी आशा देणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. पर्वरीतल्या खासगी कंपनीपुढे तो थेट चालवणं अवघड. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आला. त्यात माणूस कुणीही असो, सगळीकडे 'ती' असं लिहिलंय. वाचताना मला बरं वाटलं होतं. पण कलम ७ पर्यंत आलं की कळतं, नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमतीची गरजच ठेवलेली नाही. माझ्याबद्दल काय काय साठवलंय ते दाखवा, असं मागायचा कलम ११ चा हक्क संमतीनं दिलेल्या माहितीपुरता लिहिलाय. इथे मी मागितलं तर कंपनीला महिन्याभरात सगळी प्रत द्यावी लागते. आपल्या कायद्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर २००० चा आयटी कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपण, वैद्यकीय कागद यांना संवेदनशील माहिती म्हटलंय. ती घ्यायला लेखी संमती लागते, आणि कंपनीनं तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर द्यायचं असतं, त्यानं महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. तुझ्या कंपनीच्या वेबसाइटवर ते नाव शोध.

त्या कागदाचा तू पाठवलेला फोटो मी चार वेळा वाचला. त्यात 'संमती' हा शब्द तीनदा आहे, पण संमती कशाला ते कुठेच नाही. 'सर्व प्रकारची देखरेख' असं मोघम लिहिलंय. संमती मागतायत, तर ती मागे घेता येते का, हे विचारायचं. नव्या कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कारणासाठी आणि मागे घेता येणारी असावी लागते. काय टिपता, कशासाठी, कोण बघतं, किती दिवस ठेवता, जेवणाच्या सुट्टीत ते बंद होतं का, पाहुण्याशी फोनवर बोलतानाची वेळ कामात धरणार का, हे मेलवर विचार. तोंडी नको. आणि एकटीनं नको. तुम्ही चौदा जणी-जणं आहात ना त्या पाळीत? निदान सहा-सात नावं खाली असू देत. मी केबिनमध्ये एकटी होते, म्हणून सांगते.

एक मुद्दा तुझ्या मॅनेजरला नक्की कळेल. तुमचं बुकिंगचं काम जर्मनीतल्या ट्रॅव्हल कंपनीकडून येतं. त्या पाहुण्यांच्या माहितीला युरोपचा कायदा लागू आहे, मे २०१८ पासून. त्या कायद्यात कलम २८ आहे. बाहेरच्या ऑफिसनं ती माहिती मूळ कंपनीच्या लेखी सूचनेप्रमाणेच हाताळायची, आणि तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्या कुणाला त्यात आणायचं नाही. आता बघ, तू पाहुण्याचा पासपोर्ट उघडतेस, त्याच वेळी फोटो निघतो, आणि तो फोटो त्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतो. म्हणजे पासपोर्ट तिसऱ्याकडे गेला. जर्मन कंपनीनं याला हो म्हटलंय का? एवढा एक प्रश्न सभ्यपणे विचार. बहुधा धावपळ होईल. मला याचं बरं वाटत नाही, तेही लिहून ठेवते. एकाच चित्रात मधे त्या पाहुण्याचा पासपोर्ट आहे आणि कोपऱ्यात वेबकॅममधला तुझा चेहरा. पासपोर्टामागे कायदा उभा आहे आणि तुझ्या चेहऱ्यामागे कुणी नाही. तरी आत्ता तोच पासपोर्ट तुझ्या उपयोगाचा आहे, तर वापर.

घरून काम करायच्या दोन दिवसांत नऊ तास कॅमेरा चालू ठेवायला मात्र अजिबात हो म्हणू नको. तू पडवीत बसतेस. तुझ्या मागे देवघराचं दार, त्याच्या बाजूला न्हाणीघर. सकाळी आत्या न्हाऊन ओल्या केसांनी तिथूनच देवाकडे जाते. तिनं कुठल्या कागदावर सही केलीय? डिचोलीच्या त्या घरात कोण येतं-जातं, आत्या कुठली गोळी घेते, दुपारी कुणाशी भांडते, हे पर्वरीच्या पडद्यावर का दिसावं? नेदरलँड्समध्ये फ्लोरिडाच्या एका कंपनीसाठी घरून काम करणाऱ्या माणसाला वेबकॅम दिवसभर चालू ठेवायला नकार दिला म्हणून काढलं होतं. २०२२ मध्ये तिथल्या कोर्टानं त्याला सुमारे ७५ हजार युरो मिळवून दिले. डिचोलीत असं कोर्ट तुला मिळणार नाही. पण मीटिंगपुरता कॅमेरा लावते, एरवी नाही, कारण घरात वडीलधारी माणसं आहेत, हे आपल्याकडच्या मॅनेजरला सांगता येतं. त्याच्याही घरी आत्या असेल.

फोनमध्येही ते नजर ठेवणारं ॲप टाकायला सांगतील. स्वतःच्या फोनवर टाकायचंच असेल तर आधी 'वर्क प्रोफाइल' करून त्यातच टाक, म्हणजे तुझे फोटो आणि घरचे ग्रुप वेगळे राहतात. आणि हरवला तर पूर्ण फोन पुसायचा अधिकार ते मागतायत का, तेही बघ.

इतकं करून ते म्हणाले, सही नाहीतर राजीनामा, तर काय? तू विचारशीलच. मी तुला नोकरी सोड असं सांगणार नाही. घराचा हप्ता मला माहीत आहे, गोव्यात या पगाराची दुसरी नोकरी लगेच मिळत नाही हेही माहीत आहे. सही करावी लागली तर कर, पण आधी प्रश्नांची मेल गेलेली असू दे, आणि तिची एक प्रत ऑफिसच्या बाहेर, घरी ठेव. मी निघाले तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. होता तो फक्त तो प्रिंट. केबिनमधून सगळे उठून गेल्यावर तो टेबलावरच राहिला होता, तेव्हा मी घडी करून पर्समध्ये टाकला. पणजीतून इथे येताना पुस्तकात आला आणि अजून माझ्या कपाटात होता.

तो आज या पत्राबरोबर पाठवतेय. आतला छोटा लिफाफा त्याचाच आहे, डिंकानं चिकटवलाय आणि वर बाबांचं नाव घातलंय. रिपोर्ट त्यांचा आहे. बाय, तो तू उघडू नको, तसाच त्यांच्या हातात दे. आत्या समोर बसलेली असू दे.

आईला म्हणावं, इथे बर्फ पडलाय पण हीटर नीट चालतो. कुळथाचं पीठ संपत आलंय. उत्तर पोस्टानंच पाठव.

तुझी,
ताई